मासे सोडण्याआधी

पाणी पुन्हा लाल झालं.

गौतमनं काचेची नळी खिडकीतल्या उजेडात धरली आणि रंगपट्टीशी लावून पाहिली. पट्टीवरचा शेवटचा, सगळ्यात गडद लाल. त्यानं नळी धुऊन ठेवली आणि मोरेश्वरला फोन लावला.

पांढुर्ण्याच्या बाजारात मोरेश्वरचं माशांचं दुकान. टाकी, फिल्टर, रेती, तपासणीच्या थेंबांच्या बाटल्या, सारं त्याच्याकडचंच. टाकी देतानाच त्यानं बजावलं होतं, "भाऊ, घाई नाही करायची. नवं पाणी दिसाले स्वच्छ असते, पण मासे मारते." आधी रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य सडू द्यायचं. त्याचा अमोनिया होतो. मग न दिसणारे जीवाणू पाण्यात घर करतात आणि त्या अमोनियाचं हळूहळू नायट्रेट करतात. ते मासे सोसतात. नायट्रेटच्या थेंबांनी पाणी लाल झालं, की टाकी तयार होत आली समजायचं. महिना-सव्वा महिना तरी लागतोच.

"लाल झालं? मंग बधाई हो!" मोरेश्वर म्हणाला. "या मासे न्यायले."

"अरे, पण बोअरच्या पाण्यानं टाकी भरून आठवडाही नाही झाला. अन् अमोनिया अजून तसाच दाखवून राहिला."

"तसं तं होत नाही, भाऊ," मोरेश्वर म्हणाला. " थेंब खराब असतील."

गौतमनं टाकीकडे पाहिलं. ज्या कोपऱ्यात ती ठेवली होती, तिथं गेल्या हिवाळ्यात पाळणा होता. कोपरा रिकामा पाहवत नव्हता, म्हणून तर टाकी आणली. घरात काहीतरी हलतं-चालतं असावं एवढंच.

सुमेध म्हणजे गौतम आणि त्याची बायको प्रणाली यांचं पहिलं लेकरू. प्रणालीचं दूध पुरत नव्हतं, म्हणून डब्यातल्या पावडरचं दूध सुरू केलं. गौतम नगरपालिकेत कारकून. ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर दुधाच्या पाण्याचं भांडं तो स्वतः चुलीवर चढवायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. सुमेध हुंकार द्यायला लागला, मूठ तोंडात घालायला लागला. मग एका सकाळी त्याचे ओठ निळे दिसले. दुपारपर्यंत नखं निळी झाली. इथल्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. नागपूरहून लेकरू हातावरच परत आणावं लागलं.

माती देऊन घरी आले, तेव्हा गौतमची आई, वच्छला, चारचौघांत बोलली. "माह्या पोरानं पाणीसुदा दोन-दोनदा उकळून देलं. अन् हिले साधं पाजता नाही आलं. भांडं धुतलं का नाही, दूध नासकं होतं का काय होतं, हिलेच मालूम!"

प्रणाली खाली मान घालून बसली होती. गौतमनं तिची बाजू घ्यायला हवी होती. त्याऐवजी त्यानं विचारलं, "काय पाजलं होतं तू त्याले?"

प्रणालीनं त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग म्हणाली, "दूधच."

त्याच आठवड्यात ती तिगावला, माहेरी गेली. तिला आणायला कुणी गेलं नाही.

थेंब खराब आहेत का, हे पाहायला गौतमनं शेजाऱ्यांकडून विकतच्या जारचं पाणी आणून नळीत घेतलं. पाणी पिवळं राहिलं. थेंब चांगले होते. मग तो अंगणात गेला, बोअरची मोटर सुरू केली आणि ताजं पाणी धरलं.

ते लाल झालं.

बाटलीत पाणी भरून त्यानं सौंसरची बस धरली. तिथं पाणी तपासून देणारे एक साहेब बसत. त्यांनी तपासलं आणि चष्मा काढला.

"बोअरच्या बाजूले संत्र्याचा बगीचा हाय का?"

"हो जी. भिंतीले लागूनच."

"खत मुरते खाली. नायट्रेट लय हाय." साहेबांनी विचारलं, "घरात लहान लेकरू?"

"नाही," गौतम म्हणाला.

"मंग ठीक हाय. मोठ्या माणसाले तेवढं नाही होत. पण डब्याच्या दुधावरच्या लेकराले हे पाणी देलं, तं अंग निळं पडते. जीव जाते."

गौतमनं बाटली उचलली. तो बाहेर आला. एका दुकानाच्या पायरीवर बसून तो लहान पोरासारखा रडला. पण रडताना छातीवरचा एक दगडही सरकला. प्रणालीचा दोष नव्हता. तिला हे सांगता येणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिगावला पोचला. प्रणाली ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती. अंगानं वाळली होती. तिनं त्याला पाहिलं, पाणी आणून दिलं आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं.

"प्रणाली, तुहा काही दोष नव्हता," तो म्हणाला. रस्ताभर घोकलेली वाक्यं एकात एक अडकत होती. "दुधाचाबी नव्हता. आपल्या बोअरच्या पाण्यात जहर होतं. मी तपासून आलो. माय बोलली, मीबी बोललो... माफ कर मले. घरी चाल."

प्रणालीचा हात सुपात तसाच फिरत राहिला. "पाण्याचं मले मालूम हाय."

"कवापासून?"

"नागपूरलेच. तुम्ही खाली औषध आणाले गेल्ते. डॉक्टरीणबाईनं मले इचारलं, पाणी कुठलं देता. मी सांगतलं, बोअरचं."

"मंग मायसमोर बोलली काहून नाही? एवढं सारं ऐकून घेतलं?"

प्रणालीनं सूप बाजूला ठेवलं.

"कच्चंच देता का, असंबी इचारलं त्याईनं. मी म्हटलं, नाही बाई, त्याचे बाबा दोन-दोनदा उकळून देते. तं त्या म्हणे, हे जहर उकळून जात नाही. पाणी जसंजसं आटते, तसंतसं ते अजून दाट होते."