कपांची अदलाबदल

नवरा आपल्याला चहातून काहीतरी देतो, याबद्दल सुलभाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ओट्याशी पाठमोरा उभा राहून कपात पूड ढवळताना तिने त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिनेही तोड काढली होती. तिन्हीसांजेला दोन्ही कप टेबलावर ठेवून मनोहर देवापुढे दिवा लावायचा आणि हात जोडून डोळे मिटायचा. चांगला बराच वेळ मिटायचा. तेवढ्यात ती कपांची अदलाबदल करायची. पी म्हणावं आपलंच विष!

पण हल्ली तिला गाढ झोप लागायची. भिंतीपलीकडे तिची उणीदुणी काढणारी माणसंही गप्प झाली होती. आज दिव्याच्या उजेडात मनोहरच्या सदऱ्याची उसवलेली शिवण तिला दिसली. या माणसाबद्दल आपण काय काय मनात आणलं! तिने कपांना हात लावला नाही. तो येऊन बसला, तेव्हा कितीतरी दिवसांनी ती त्याच्याकडे बघून हसली आणि तिने आपला कप तोंडाला लावला.

मनोहरने पहिला घोट घेतला आणि औषध प्याल्यासारखं तोंड केलं.

"आज कप बदलले नाहीस, सुलू?" त्याच्या तोंडून निघून गेलं. डोळे भरून आले त्याचे. मग त्याने आपला कप हळूच तिच्यापुढे सरकवला. "हा घे. डॉक्टरांची गोळी यात आहे. तू बदलणार, म्हणून मी रोज माझ्याच कपात..."

पुढचं सुलभाने ऐकलंच नाही. म्हणजे चहात काहीतरी असतंच!

भिंतीपलीकडे कुणीतरी खुदकन हसलं.