घाटातलं कडवं

बाबांच्या गाडीतला जुना रेडिओ काढून मी डिजिटल बसवून घेतला, तो आईसाठीच. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच माहेरी निघाली होती.

“आता घाटातसुद्धा खरखर नाही,” मी म्हणालो.

आंबा घाट सुरू झाला तेव्हा नेमकं बाबांचं आवडतं भावगीत लागलं होतं. पूर्वी पहिल्याच वळणावर स्टेशन जायचं. मग बाबा स्टिअरिंगवर ताल धरून उरलेलं गाणं बेसूर आवाजात पुरं करायचे, आणि आई म्हणायची, “पुरे, समोर बघा.”

आज गाणं तुटलंच नाही. आई शेवटचं कडवं कान देऊन ऐकत होती. हे गाणं तिने फक्त याच गाडीत, याच घाटात ऐकलेलं.

“यात अबोलीचा गजरा येतो ना रे?”

“नाही गं. ते बाबा मनानेच घालायचे.”

तिचा हात नकळत रिकाम्या अंबाड्याकडे गेला. मग तिने रेडिओ बंद केला.

“घाट संपला की लाव परत,” ती म्हणाली.