तीन दहाचं विमान

"बसा की ताई," व्यंकटराव म्हणाले.

"न्हाई. उभं राहायची सवय हाय," पंचशीला म्हणाली.

ती देगलूर डेपोची एसटी कंडक्टर. आठ महिन्यांपूर्वी तिचा मुलगा सुगत गेला. नभांगण एअरचं विमान उतरताना धावपट्टी सोडून खड्ड्यात गेलं. प्रवासी वाचले, को-पायलटच्या सीटवरचा सुगत वाचला नाही.

ती सीट त्याला व्यंकटरावांनीच मिळवून दिली होती. लातुरातलं त्यांचं केंद्र त्यासाठीच नावाजलेलं. पायलटचं लायसन्स असून नोकरी नसलेली पोरं तिथं यायची. पगार घ्यायच्या ऐवजी उलट कंपनीलाच पैसे भरायची आणि उड्डाणाचे तास गाठीला बांधायची.

बाई रडेल, शिव्याशाप देईल, असं व्यंकटरावांनी धरलं होतं. पाण्याचा तांब्याही मागवून ठेवला होता. पण ती नुसती बघत होती.

"चौकशीत सगळे म्हणून राहिलेत, पोरगा कच्चा होता. तुमी बी तसंच लिहून दिलं म्हणं."

"मला विचारलं तेवढं सांगितलं, ताई. विमानातलं मला काय कळतंय?"

"सुगतनं तुमाला फोन केला होता. ब्रेक धरत न्हाई म्हणून."

"असं काही आठवत नाही."

आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. 'सर, कॅप्टन म्हणतात नोंद करू नको, विमान उभं राहील. काय करू?' आणि ते म्हणाले होते, 'गप उडव. तुझ्या सीटसाठी दहा जण रांगेत उभे आहेत.'

"आमच्याकडं ब्रेक लागंना म्हणलं की ड्रायव्हर गाडी डेपोतनं हलवत न्हाई," पंचशीला म्हणाली. "कुणी बी साहेब येऊ दे. सुगत लहानपणापासून तेच बघत आला. म्हणून तर त्यानं तुमाला विचारलं."

व्यंकटरावांनी घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजून गेले होते.

"तुमची ज्योत्स्ना कुठं हाय आज?"

मुलीचं नाव तिच्या तोंडून ऐकून त्यांना बरं वाटलं नाही. "ड्युटीवर."

"नांदेडहून तीन दहाचं विमान. आज जुनं लावलंय. सुगतच्या विमानाच्या जोडीचं."

"शक्य नाही."

कंपनीनं तीन जुनी विमानं एकदमच आणली होती. ज्योत्स्ना तिथंच पायलट; तिला त्यातलं एकही द्यायचं नाही, एवढी एकच अट व्यंकटरावांनी घातली होती. दोन वर्षं ती पाळली गेली होती.

"तुमचा फोन बघा की."

त्यांनी फोन उघडला. मुलीचा सकाळचा मेसेज तसाच पडला होता. 'बाबा, नवं बिघडलंय. आज जुनं घेऊन जाते. काळजी करू नका.'

त्यांनी ज्योत्स्नाला फोन लावला. बंद. कंपनीच्या मॅनेजरला लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा ज्योत्स्नाला. बंद.

आता पंचशीला खुर्चीवर बसली.

"तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं," व्यंकटराव म्हणाले. "मुद्दाम आत्ता आलात. वेळ उरू नये म्हणून."

"हाव."

"माझ्या पोरीनं तुमचं काय वाईट केलंय?"

"सुगतनं कुणाचं केलं होतं?" तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "आठ महिने एकच मागून राहिले मी. लेकराची वाट बघताना पोटात काय होतंय, ते तुमाला एकदा कळावं."

व्यंकटराव उठले, दारापर्यंत गेले, परत आले. लातूरहून नांदेड तीन तासांची वाट. जाऊन उपयोग नव्हता. त्यांनी बाईपुढं हात जोडले.

तिनं पर्समधून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "चौकशीचे साहेब आज नांदेडातच हायत. विमान थांबवायचा हक्क त्यांचा. खरं सांगितलं तर थांबवतील."

व्यंकटरावांनी चिठ्ठीवरचा नंबर लावला.

"साहेब, मी लातूरचा व्यंकटराव. तीन दहाचं विमान थांबवा. त्याचे ब्रेक खराब आहेत. तिन्ही जुन्या विमानांचे तसेच होते. कंपनीला ठाऊक आहे."

"हा फोन रेकॉर्ड होतोय," पलीकडून अधिकारी म्हणाले. "चालेल ना?"

"चालेल, सगळं चालेल."

"तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

तीनला आठ मिनिटं कमी होती.

"अपघाताच्या चार दिवस आधीपासून. सुगतनं सांगितलं होतं. कॅप्टननं त्याला नोंद करू दिली नाही आणि मी त्याला गप्प बसवलं. चौकशीत खोटं लिहून दिलं. पोराची काही चूक नव्हती."

पंचशीलानं डोळे मिटून घेतले.

"सावकाश, पुन्हा एकदा सांगा. लिहून घेतो."

व्यंकटरावांनी पुन्हा सांगितलं. तारखांसकट, कंपनीतल्या माणसांच्या नावांसकट. सांगता सांगता ते रडायला लागले. "झालं, साहेब. आता माझ्या पोरीला खाली उतरवा. ज्योत्स्ना नाव आहे तिचं."



"विमान सकाळपासून उभंच आहे," अधिकारी म्हणाले. "तक्रार ज्योत्स्नाताईंनीच दिलीय. त्या इथं माझ्यासमोर बसल्यात. म्हणाल्या होत्या, बाबा खरं बोलतील, पण मी विमानात आहे असं वाटलं तरच."