बाईंचा कीबोर्ड

बाई गेल्याचं कारागिराला कळलं, त्या दिवशी त्यांचा कीबोर्ड नेमका तयार होऊन खोक्यात बसला होता. तो न्यायला त्यांचे यजमान आले. उंच, वाकलेले, सत्तरीचे.

"ती गेली," ते म्हणाले. "तीन आठवडे झाले. कीबोर्ड मी बघतो."

ते सावकाश, एका सुरात बोलत होते. कारागिराची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याच्या बोलण्यातले चढउतार जातात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तो हौशी लोकांसाठी संगणकाचा एकेक कीबोर्ड हाताने बनवायचा. कुणाला लाकडावर गोटी पडल्यासारखा आवाज हवा असायचा, कुणाला अगदी दबका. आवाजासाठी लोक आठ-आठ महिने थांबायचे. बाईंनी मात्र आवाजाचं नावच काढलं नव्हतं. त्या घरी बसून भाषांतरं करायच्या. जुना कीबोर्ड मोडला, टाकून दिला, म्हणून नवा हवा होता. चिठ्ठीत चार ओळी होत्या. अंगाने जड हवा. बटणं कडक हवीत. ठेवायला टेबल साधं लाकडी आहे. आत फोम नको, खाली रबर नको.

बाई नवख्या दिसतात, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. फोम-रबराशिवाय कीबोर्ड म्हणजे पत्र्याचा डबा बडवणं, टेबलसुद्धा हादरतं. त्याने दोन्ही आपणहून घातलं होतं.

यजमानांनी खोकं उघडलं. कारागिराच्या टेबलावर जाड चटई होती, ती गुंडाळून बाजूला सारली आणि कीबोर्ड उघड्या लाकडावर ठेवला.

"टाइप करा."

त्यांनी दोन्ही तळहात टेबलावर टेकले आणि डोळे मिटले. कारागिराने पाच-सहा ओळी टाइप केल्या.

"कसा वाटतो, काका?"

उत्तर आलं नाही. कारागीरही असाच हरवायचा, त्यामुळे त्याने पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"हा तो नाही."

"जुना कसा होता?"

ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. "जुना कळायचा. टेबलाच्या एका टोकाला मी पेपर वाचायचो, दुसऱ्या टोकाला ती काम करायची. ती आहे, हे कळायचं. ह्याचं काही कळत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "ती गेल्यापासून मी त्या टेबलाशी बसलेलो नाही. ओट्याशी उभ्याने जेवतो. मुलगी आलीय, महिनाअखेरपर्यंत आहे. म्हटलं, ती ह्याच्यावर काम करेल, तर बसायला जमेल."

कारागिराची बायको सकाळी स्वयंपाकघरात भांड्यांचा दणदणाट करायची. तेव्हा तो चिडायचा. आता तो दणदणाट एकदा ऐकायला मिळावा म्हणून त्याने काहीही दिलं असतं.

"तसाच करून देतो," तो म्हणाला. असा शब्द त्याने आजवर कोणत्याच गिऱ्हाइकाला दिला नव्हता.

आधी त्याने बटणांखालचे सगळे स्विच बदलले. यजमान आले, चटई सारली, हात टेकले, डोळे मिटले. "नाही."

मग आतली प्लेट पितळेची केली. "नाही."

मग एकेक स्विच उघडून त्याला वंगण लावलं, आणि आवाज भरीव व्हावा म्हणून फोमचे आणखी दोन थर घातले. ह्या खेपेला यजमानांनी डोळे लवकर उघडले. "हा तर आधीपेक्षाही कमी."

पार्सलं बांधायला कारागिराची मोठी बहीण यायची. यजमान गेल्यावर ती म्हणाली, "मी मागून दोनदा विचारलं, चहा घेता का. मान वळवायची तसदी नाही. मोठे जहागीरदार!"

"दुःखात आहेत गं, ताई."

"तूही होतास. तरी चहा ढोसत होतासच की."

"वाजतो कसा, सांग."

तिने चार बटणं दाबली. "छान वाजतोय. लोणी कापल्यासारखा."

"सगळ्यांना छान वाटतो. त्यांनाच नाही."

"मग तू कान तपासून घे तुझे," ती म्हणाली आणि पार्सलाला चिकटपट्टी लावू लागली.

तो हसला नाही. थकला होता. पुढच्या आठवड्यात यजमान आलेच नाहीत. ईमेल आली. 'राहू द्या. तुम्ही पुष्कळ केलंत. मुलगी उद्या निघते.'

दुसऱ्या दिवशी तो कीबोर्ड बगलेत मारून त्यांच्या घरी गेला. बेल दाबली. ती वाजली नाही. खिडकीच्या काचेतून आतला दिवा दोनदा लुकलुकलेला दिसला. बेल बिघडली असावी. मुलीने दार उघडलं. तिच्या बॅगा भरून दाराशीच ठेवल्या होत्या. आत लांब लाकडी टेबल होतं, दोन्ही टोकांना एकेक खुर्ची. यजमान पलीकडे ओट्याशी पाठमोरे उभे होते, हातात ताटली घेऊन.

"काका," त्याने दारातूनच हाक मारली, "एकदा शेवटचं ऐकून बघा."

ते जेवत राहिले.

"समोर जाऊन बोला, म्हणजे त्यांना ओठ दिसतील," मुलगी म्हणाली. "तुम्हालाही सांगितलं नाही वाटतं? बाहेर कुणाला कळू देत नाहीत. कारखान्यात तीस वर्षं घणाच्या मशीनवर काढली, त्यात दोन्ही कान गेले. बारा वर्षांत बाबांनी आईचासुद्धा आवाज ऐकलेला नाही. ती टाइप करायची, तेव्हा हे आपले टेबलावर हात ठेवून बसायचे."

कारागिराने कीबोर्ड टेबलावर उलटा ठेवला. खाली चारही रबरं घट्ट चिकटलेली होती, आत फोमचे थर होते. बाईंच्या चिठ्ठीतली चौथी ओळ तेवढी करायची राहिली होती.