प्राथमिक प्रश्न

नवरा गेल्यावर महिन्याभरात त्याच्या संगणकातली डिस्क टकटक वाजू लागली. त्याच्या आवाजाचं एकमेव रेकॉर्डिंग तिच्यातच होतं.

"वहिनी, त्याच्या त्या संगणकवाल्यांच्या फोरमवर विचारा," दीर म्हणाला. "घरात दादाने कधी बल्ब बदलला नाही, पण तिथे सगळे मास्तर म्हणायचे त्याला."

तिने भीत भीत लिहिलं, "डिस्क टकटक वाजतेय. चालू ठेवू की बंद करू?"

"असले प्राथमिक प्रश्न इथे विचारू नयेत. आधी शोधा," असं उत्तर आलं आणि प्रश्नाला कुलूप लागलं; आता तिथे कुणालाच उत्तर देता येणार नव्हतं.

ती फोनवर शोधत असतानाच टकटक थांबली, डिस्क कायमची बंद पडली. हाच प्रश्न पूर्वी बऱ्याच जणांनी विचारला होता. प्रत्येकाला उत्तर एकच मिळालं होतं, "आधी शोधा." देणाराही एकच होता, मास्तर.