पूजेपुरतं लाल

प्रिंटरमधून कागद बाहेर आला. सगळ्या ओळी काळ्या. फक्त अकरा नंबरची लाल.

निर्मलकुमार शेठने तो उचलला आणि समोर उभ्या सुकदेवच्या नाकापुढे धरला.

"आग लागली त्या सकाळचा रिपोर्ट आहे हा. आत्ता काढला तुझ्यासमोर. अकरा नंबरची गंजी तापलीय, हे आंधळ्यालाही दिसेल. तुला नाही दिसलं?"

सुकदेवच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. कागद हातात घेता येईना म्हणून तो नुसती मान पुढे काढून बघत राहिला. एवढी वर्षं जिनिंगमधल्या कापसाच्या गंज्या सांभाळल्या त्याने. रिपोर्ट इंग्रजीत निघायचा आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याची गरजही नव्हती. जी ओळ लाल, तिचा नंबर बघायचा आणि त्या गंजीकडे पळायचं.

"शेठ, त्या दिन बठ्ठा कागद लाल व्हता," तो म्हणाला. "वरथीन खालपावत. कोनती गंजी देखू? एक नंबरपाईन हात घाली घाली देखत निंघनू. आठ नंबरवर व्हतू, तवढामां तिकडे धूर निंघना."

अकरा नंबरच्या आडोशाला कामावरची मजूर भिकुबाई भाकर खात बसली होती. ती आता धुळ्याच्या दवाखान्यात आहे. तिचा अर्धा चेहरा कुणी बघू शकत नाही. तिला ओढून काढताना सुकदेवचे हात भाजले.

"सगळाच लाल!" शेठ हसला नाही, पण आवाजात हसू होतं. "मग दाखव तो कागद."

तो कागद सुकदेवच्या खिशात होता. खिसा शर्टासकट जळाला. आधीच्या दिवसांचे कागद गेटवरच्या गाडीवर भजी बांधायला गेले.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे नवल बसला होता. रिपोर्टचा प्रोग्राम त्याचाच. त्यात एक साधी अट होती. गंजीचं तापमान हद्दीबाहेर गेलं तर अक्षर लाल, नाहीतर काळं. दिवाळीला शेठने सांगितलं होतं, वहीबरोबर कॉम्प्युटरचा कागदही लक्ष्मीपुढे ठेवायचा, आणि पूजेच्या कागदावर काळं अक्षर चालत नाही, सगळं कुंकवासारखं पाहिजे. नवलने 'नाहीतर'पुढचं काळं खोडून लाल लिहिलं. एका शब्दाचं काम. पूजा झाली, पेढे वाटले, नवल गावाला गेला. काळं परत लिहायचं राहून गेलं.

तो परत आला तेव्हा सुकदेवने विचारलंही होतं, "नवल भो, आजकाल बठ्ठंच लाल का येस रे?"

"दिवाळी आहे आबा," नवल म्हणाला होता, "कागदानंही नवे कपडे घातलेत." दोघंही हसले होते.

आग विझली त्या संध्याकाळी नवलने तो शब्द बदलला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बोटं आपोआप चालली. आता कुठल्याही दिवसाचा रिपोर्ट काढा, शहाण्यासारखा काळा निघत होता.

"पोलिसांना कुणाचं तरी नाव द्यावं लागणार," शेठ म्हणाला. "मशीन सांगत होतं, माणसाने बघितलं नाही. असंच आहे ना?" मग त्याला काहीतरी आठवलं. त्याने वळून भिंतीकडे पाहिलं. लक्ष्मीच्या तसबिरीखाली पूजेचा कागद अजून लावलेला होता, वर कुंकवाचं स्वस्तिक, खाली लाल ओळीच ओळी. "नवल, ते लाल पूजेच्या एका कागदापुरतंच केलं होतंस ना?"

पंखा फिरत होता. सुकदेवही नवलकडे बघत होता. त्या नजरेत संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"हो शेठ," नवल म्हणाला. "पूजेपुरतंच."

"ऐकलंस? उद्यापासून येऊ नको. ठाण्यावर बोलावतील तेव्हा जा."

शेठ कागद टेबलावर टाकून, मोबाईल कानाला लावून बाहेर गेला. सुकदेव जागचा हलला नाही. मग हळूच कॉम्प्युटरजवळ आला.

"तो कागद जरा जवळ धर बरं, भो."

नवलने धरला. सुकदेव एकेक ओळ बघत खाली आला. अकरा नंबरवर थांबला. पुन्हा वर गेला.

"काळंच शे," तो म्हणाला. "आनि माले बठ्ठं लाल दिखनं. तू तवय थट्टामां हासना, मी समजनू नही. मना डोयाच गयात वाटस, भो. ती बाई मनामुळे जळनी."

नवलने कागद टेबलावर पालथा ठेवला.

"डोयास्ना चांगला डाक्टर कोन शे, तुले माहीत शे का?"

माहीत होता. नवलने त्याच रिपोर्टच्या पाठीवर नाव-पत्ता लिहायला घेतला.

"मोठ्ठा अक्षरमां लिख," सुकदेव म्हणाला. "माले आते भरवसा नही."

नवलने मोठ्या अक्षरात लिहिलं. सुकदेवचे हात पट्ट्यांत होते, म्हणून कागदाची घडी करून त्यानेच ती त्याच्या नव्या शर्टाच्या खिशात घातली.

"तुना उपकार शेत, भो," सुकदेव म्हणाला.