एकशे सतरा क्रमांकाचं फळ

पल्लवी बाईंनी चपला पायरीवर काढल्या, गणपतीला हात जोडले आणि मान वर केली. मग बराच वेळ ती खाली आली नाही.

मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगलेली होती आणि तिला केवणीच्या सालीच्या दोरांनी फळं, शेंगा, फुलं, पाला बांधला होता. मये गावात चवथीला घरोघरी अशी माटोळी असते. स्पर्धेसाठी नाव दिलेल्या माटोळ्या बघायला बाई परीक्षक म्हणून आल्या होत्या. कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवल्यामुळे त्यांना वस्तू ओळखण्यासाठी स्पर्धकाने दिलेल्या यादीची गरज नसे. यादीच चुकली आहे का, तेवढं त्या बघत.

"यंदा हात झोळीत आहे, मग बांधली कोणी?" त्यांनी घरधनी सगुणला विचारलं.

"चलयेन," सगुण मुलीकडे मान हलवून म्हणाला. खांदा निखळल्यामुळे त्याचा उजवा हात गळ्यात होता. "गौरवीन. चित्रांचें शिकून आयलां न्हय, मदीं पळय कितें करून दवरलां. सगळी जागा रिती."

माटोळी गच्च भरायची असते. हिच्या कडा तशाच भरल्या होत्या: नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंगं, तवशी. त्यांच्या आत करमलं आणि फागलां. आणखी आत कांगोणीचे घोस आणि कुड्याच्या शेंगा. तिथून पुढे वस्तू विरळ होत गेल्या होत्या. अगदी मधे, मोकळ्या जागेत, लांब दोरावर एकच फळ होतं. लिंबाएवढं, राखट हिरवं, कंगोऱ्यांचं. पंख्याच्या वाऱ्यावर ते सावकाश फिरत होतं.

"अशी का बांधलीस?"

गौरवी दाराशी उभी होती. "रानात शिरताना असंच असतं ना बाई. आधी सगळं ओळखीचं. मग थोडं थोडं. मग एक जागा येते, तिथे आपल्याला काहीच सांगता येत नाही. मला तिथे उभं राहायला आवडतं. चित्र काढतानाही मी तिथूनच सुरू करते."

बाईंनी यादीवरून बोट खाली आणलं. "एकशे सतरा. रानकरमल." त्यांनी पुन्हा वर पाहिलं. "हे करमलाच्या कुळातलंसुद्धा नाही."

गौरवीने यादीत डोकावून पाहिलं. एकशे सोळापर्यंतचं अक्षर तिचं होतं. एकशे सतरासमोर तिने जागा कोरी ठेवली होती. तिथे आता डाव्या हाताने लिहिलेली वाकडी अक्षरं होती.

"बाबा."

"अगो, नांव नासल्यार यादी अर्दवट. अर्दवट यादी स्पर्धेंतल्यान भायर उडयतात." सगुण बाईंकडे वळला. "तीन वर्सां आमोणे गांवचे व्हरतात पयलो नंबर. हांव हिका म्हणलां, यंदा भायर पडलें जाल्यार फुडल्या चवथीक हांव परत बांदतलों, म्हजे तरेन."

"नियम आहे खरा," बाई म्हणाल्या. "कुठे मिळालं हे?"

"शिरगावच्या बाजूला, जुन्या खाणीच्या कडेला. पाणी साठलंय तिथे. एकच वेल होती, तीन फळं. दोन वेलीवरच ठेवली."

"कापलं तर निदान कुळ तरी सांगेन. आत बिया कशा बसल्यात ते बघायला हवं."

"कापूंया मगो!" सगुणने डाव्या हाताने स्टूल ओढलं.

"विसर्जनाआधी माटोळीक हात लावचो न्हय," गौरवी म्हणाली. "तुमीच सांगतात न्हय, हांव ल्हान आशिल्लें तेन्नासावन?"

सगुणचा हात स्टुलावर राहिला. थोड्या वेळाने तो त्याच स्टुलावर बसला.

"बाई, पेन देता?" गौरवीने विचारलं.

तिने यादी गुडघ्यावर धरली आणि वडिलांच्या वाकड्या अक्षरांवरून एक सरळ रेघ ओढली. मग यादी बाईंना परत दिली. "फुडल्या वर्सा तुमीच बांदा," ती वडिलांना म्हणाली. "पूण हें करमल न्हय."

बाईंनी लगेच काही लिहिलं नाही. पर्समधून पट्टी काढली, डोळा बारीक करून फळाच्या दिशेने धरली. कंगोरे मोजले. फळ फिरत होतं, म्हणून पुन्हा मोजले. मग खोडलेल्या नावाखाली त्यांनी लिहिलं: 'वेलीवरचं फळ. अंदाजे सव्वा इंच. सात कंगोरे. नाव स्पर्धकाला ठाऊक नाही, परीक्षकालाही नाही.' खाली सही केली.

"हे चालतं?" गौरवीने विचारलं.

"कमिटी काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही. पण खोटं नाही ना." चपला घालताना त्या थांबल्या. "पाचव्या दिवशी विसर्जन झालं की मला फोन कर. कापायला मी येते. आणि नाही कळलं, तर त्या वेलीकडे घेऊन चल."

त्या गेल्यावर गौरवी चहा ठेवायला आत गेली. सगुण स्टुलावरच बसून होता. वर बघत होता.

शेजारची सुशीला दर्शनाला आली. हात जोडून झाल्यावर तिची नजर वर गेली आणि मधेच अडकली.

"सगुणबाब, तें मदीं कितें?"

"खबर ना," सगुण म्हणाला. मग थोडा ताठ बसला. "पल्लवी बाईंकूय खबर ना."

"म्हणजे?"

तो उठला, स्टूल पायाने बाजूला सारलं आणि स्वतःही सरकला.

"हांगा येवन उबी राव," तो म्हणाला. "हांगाच्यान बरें दिसता."